नकोशा किड्यांचे काम: संत्र्याच्या बागेपासून कूलरच्या टाकीपर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल-इतवारी भागातून काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा गर्दीतून ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते. ईडापीडा आणि रोगराई यांच्याबरोबर ढेकूण, मच्छर, माशा यांनाही त्या आरोळीत नावानिशी घातलेले असते. शंभर वर्षांहून जुनी असलेली ही परंपरा ज्या ऋतूत येते तो ऋतू पाहिला, तर ही मागणी रास्तच वाटते. श्रावण नुकताच संपलेला असतो, दोन-अडीच महिने पाऊस पडून गेलेला असतो, घरात दिवा लावला की पाखरांचा थवा त्यावर झेपावतो आणि वावरात उभ्या पिकावर कसली ना कसली अळी दिसू लागते. रोग आणि नुकसान प्रत्यक्ष भोगलेल्या माणसांनी कीटकांना हाकलून लावावेसे म्हणणे यात काहीच गैर नाही.

अडचण पुढे येते. जे नकोसे वाटते ते सगळेच एकदम घालवून टाकण्याचे सामर्थ्य गेल्या पाऊणशे वर्षांत माणसाच्या हाती आले आणि ते वापरून पाहिल्यावर असे लक्षात आले की सरसकट मारा केल्यानंतर पुष्कळदा तीच कीड अधिक संख्येने परत येते. असे का होते हे समजले, तर गांधीलमाशी, उदई (वाळवी), शेणातले भुंगे, कुजक्यातल्या अळ्या अशा किळसवाण्या किंवा भीतिदायक वाटणाऱ्या जिवांकडे पाहण्याची दृष्टी आपोआप बदलते. त्यासाठी भावनेपेक्षा थोडे गणित समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे. नागपूरच्या वाचकासाठी त्याची सुरुवात संत्र्यापासून करणे योग्य ठरेल.

संत्रावर्गीय फळझाडांवर एका कीटकाने दुसऱ्याला आवर घालण्याचा इतिहास फार जुना आहे. इसवी सन ३०४ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका चिनी ग्रंथात दक्षिणेकडील बागाईतदार बाजारातून तांबड्या झाडमुंग्यांची घरटी विकत आणून संत्रावर्गीय झाडांवर बांधत असत, आणि या मुंग्या नसतील तर फळे किडून जातात, अशी नोंद आहे. पुढच्या काळात या मुंग्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर जाता यावे म्हणून फांद्यांमध्ये बांबूचे पूलही बांधले जाऊ लागले. पाने रेशमी धाग्याने शिवून घरटे करणाऱ्या याच मुंग्या आपल्याकडे आंब्याच्या झाडावर दिसतात, आणि त्या कडाडून चावतात म्हणून झाडावर चढणारा प्रत्येक जण त्यांना शिव्या घालतो. त्या निखळ उपकारक आहेत असेही नाही. गोड स्रावाच्या लोभाने त्या काही रसशोषक किडींची राखणही करतात. तरीही अळ्या, ढेकण्या आणि भुंगे यांचा त्या ज्या चिकाटीने फडशा पाडतात, तिची किंमत त्या बागाईतदारांनी सतराशे वर्षांपूर्वी ओळखली होती आणि पैसे मोजून चुकवलीही होती.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे आहे. तिथल्या संत्रा-लिंबाच्या बागांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाच्या बोळ्यासारखी दिसणारी एक खवलेकीड पसरली आणि शेतकरी झाडे उपटून जाळू लागले. ही कीड ऑस्ट्रेलियातून आलेली होती. तिच्या मूळ प्रदेशात ती इतकी माजत नाही, याचा अर्थ तिथे तिला खाणारे कोणीतरी असले पाहिजे, असा तर्क करून १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेले या कीटकशास्त्रज्ञाला ऑस्ट्रेलियात पाठवण्यात आले. त्याने तिथून वेडालिया नावाचा लाल-काळा ढालकिडा जहाजाने पाठवला. आलेल्या भुंगेऱ्यांची एकूण संख्या काहीशेच होती, पण त्यांची पिल्लावळ बागांमध्ये सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत ती खवलेकीड आटोक्यात आली. या यशाइतकीच महत्त्वाची गोष्ट त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी या कीटकनाशकाचा वापर वाढला, त्या फवाऱ्याने ढालकिडे मेले, आणि जवळपास विस्मरणात गेलेली खवलेकीड पुन्हा बागांवर चढली. फवारणी बदलून ढालकिडे परत आणल्यावर ती पुन्हा ओसरली. एकाच किडीने जाणे, येणे आणि परत जाणे अशा तिन्ही गोष्टी करून दाखवल्यामुळे तिला आवरणारा कोण होता याबद्दल शंका उरली नाही.

आता गणिताकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी मंदावली होती. त्या वर्षांत बाजारात येणाऱ्या मासळीमध्ये शार्कसारख्या भक्षक माशांचे प्रमाण वाढलेले आढळले आणि युद्ध संपून मासेमारी पूर्ववत झाल्यावर ते प्रमाण पुन्हा घटले. इटलीचे गणिती व्हिटो व्होल्टेरा यांनी १९२६ मध्ये याचे स्पष्टीकरण समीकरणांनी दिले. त्याचे सार असे आहे. भक्ष्य आणि भक्षक अशा दोघांनाही सारख्याच प्रमाणात मारणारी एखादी गोष्ट सातत्याने होत राहिली, तर सरासरीने भक्ष्याची संख्या वाढते आणि भक्षकाची घटते. ऐकायला हे उलटे वाटते, पण कारण साधे आहे. भक्ष्याला बाहेरून एकच तोटा होतो, आणि त्याला खाणारे कमी झाल्यामुळे त्या तोट्याची भरपाईही होते. भक्षकाला मात्र दोनदा फटका बसतो, कारण तो स्वतः मरतोच, शिवाय जो वाचतो त्याला खायलाही कमी मिळते.

हेच शेतात कसे घडते ते पाहण्यासाठी कपाशीवरचा मावा घेऊ. माव्याच्या माद्या नराशिवाय, अंडी न घालता, थेट पिलांना जन्म देतात आणि उबदार हवेत ती पिले आठवड्याभरात स्वतः माता होतात. त्याला खाणारा ढालकिडा अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून भुंगेरा होईपर्यंत साधारण तीन आठवडे घेतो. समजा, एका ओळीत हजार मावे आणि दहा ढालकिडे आहेत, आणि फवाऱ्याने दोहोंतले नव्वद टक्के मेले. आता शंभर मावे आणि एक ढालकिडा उरला. सकाळी शेतात गेलेल्या माणसाला पाने स्वच्छ दिसतात आणि औषध लागू पडल्याचे समाधान वाटते. पण उरलेल्या शंभरांना पुढचे तीन आठवडे जवळजवळ मोकळे रान मिळते, आणि तो एकटा ढालकिडा बहुधा अन्न शोधत दुसरीकडे निघून गेलेला असतो. नंतर कीड पुन्हा दिसते तेव्हा दुसरी फवारणी होते, मग तिसरी. दरम्यान विषाला न जुमानणाऱ्या मोजक्या माव्यांचीच पिल्लावळ शेतात भरत जाते, त्यामुळे औषधाची मात्रा वाढवावी लागते. शेतकरी इथे आळशी नसतो आणि अडाणीही नसतो. डोळ्यांना जे दिसते त्यावरून तो योग्यच निर्णय घेत असतो. त्याला मरून पडलेला ढालकिडा मात्र दिसत नाही.

विदर्भाने या चक्राची फार मोठी किंमत मोजली आहे. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या वाणांना, दाद देणे थांबवल्यावर २०१७ च्या हंगामात फवारण्या वाढल्या, आणि त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. म्हणून मित्रकीटकांचा विषय मला निसर्गप्रेमाच्या हौसेपुरता वाटत नाही. पहिली फवारणी जितकी पुढे ढकलता येईल तितकी पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाच्या श्वासात जाणारे विष कमी होते. शास्त्रज्ञांचा सल्लाही याच दिशेने आहे. कपाशीच्या सुरुवातीच्या काळात रासायनिक फवारणी शक्यतो टाळावी, म्हणजे ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा, किडी खाणारा कीटक), कोळी यांना शेतात वस्ती करता येते. बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावावेत आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तरच औषधाचा विचार करावा. या मर्यादेला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. तिचा अर्थ असा की कीड दिसणे आणि किडीने नुकसान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थोडी कीड शेतात असणे आवश्यकही आहे, कारण ती नसेल तर तिला खाणारा तिथे थांबणार नाही.

यात एक व्यावहारिक अडचण नेहमी येते. ढालकिड्याचा भुंगेरा देखणा असतो, पण त्याची अळी काळपट, खरबरीत आणि मगरीच्या पिलासारखी दिसते. तीच जास्त मावा खाते आणि तिलाच कीड समजून चिरडले जाते. काटोल, नरखेड, वरूडच्या संत्राबागांमध्ये काळ्या माशीमुळे पानांवर कोळशी चढते, म्हणजे माशीच्या पिलांच्या गोड स्रावावर काळी बुरशी वाढून पानांना ऊन मिळेनासे होते. तिथेही पानाच्या खालच्या बाजूला या पिलांवर तुटून पडणारे बारके ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या असतात. क्रायसोपाच्या काही अळ्या तर खाल्लेल्या किडींची टरफले आणि कचरा पाठीवर चिकटवून फिरतात, त्यामुळे त्या चालत्या घाणीसारख्या दिसतात. पान उलटून दोन मिनिटे निरखले, तर ती घाण कामावर आहे हे कळते.

गांधीलमाशीला मात्र ओळखण्याची गरज पडत नाही. तिची भीती खरी आहे, कारण ती एकाहून अधिक वेळा डंख मारू शकते आणि ज्यांना त्या विषाची तीव्र ॲलर्जी असते त्यांच्या जिवावर बेतू शकते. पण ती पोळ्यातल्या अळ्यांना भरवते काय, हे पाहण्यासारखे आहे. मोठी माशी स्वतः फुलांतला मध आणि गोड रस पिते, पिलांसाठी मात्र ती पानांवरच्या अळ्या पकडते, त्यांचा चावून गोळा करते आणि तो घरी नेते. खिडकीच्या चौकटीत मातीचे इवलेसे मडके घडवणारी कुंभारीण हेच काम एकटीने करते. ती अळीला डंख मारून बधिर करते, जिवंतच मडक्यात कोंबते, तिच्याबरोबर आपले अंडे ठेवते आणि तोंड लिंपून टाकते. त्याहून बारीक अशा कितीतरी गांधीलवर्गीय जाती आहेत ज्या माणसाला चावतच नाहीत आणि म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाहीत. ट्रायकोग्रामा ही माशी मिलिमीटरभरही नसते. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, तिचे पिल्लू आतले सर्व खाऊन टाकते आणि ज्या अंड्यातून बोंडअळी निघायची त्यातून दुसरी ट्रायकोग्रामा बाहेर येते. ही अंडी चिकटवलेली कागदी कार्डे प्रयोगशाळांतून तयार करून दिली जातात आणि शेतकरी ती पानांना टाचतात.

याच घराण्यातल्या काही इवल्या माश्या नसत्या तर उंबर आणि वड उरले नसते. उंबर फोडून केंबरे काढू नयेत असे आपण म्हणतो, कारण पिकलेले उंबर फोडले की आतून बारीक चिलटे उडतात आणि खाण्याची इच्छा जाते. ती केंबरे म्हणजे उंबराच्या गांधीलवर्गीय माश्या. उंबराचे फळ हा खरे तर आत वळलेला फुलोरा आहे, शेकडो फुले एका बंद गोळ्याच्या आत असतात. त्या गोळ्याच्या टोकाला असलेल्या अरुंद छिद्रातून माशीची मादी आत घुसते, आणि घुसताना तिचे पंख बहुधा तुटून पडतात. ती परागकण बरोबर आणते, फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. अंड्यांतून बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी समागम करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचेही आयुष्य तिथेच संपते. माद्या नवे पराग घेऊन त्या भोकातून उडून दुसरे झाड गाठतात. मोठ्या झाडाचे सगळे भवितव्य अशा एका-दोन दिवसांच्या आयुष्यावर टेकलेले आहे. वड, पिंपळ, उंबर यांची वेगवेगळी झाडे वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी फळतात, त्यामुळे रानात दुसरे काही पिकलेले नसते तेव्हाही त्यांच्यावर पाखरांची पंगत बसलेली असते. आपला राज्यपक्षी हरियाल नागपूरच्या जुन्या वड-पिंपळांवर थव्याने उतरतो तो या फळांसाठीच.

कुजलेले, मेलेले आणि टाकलेले जे असते त्यावर जगणाऱ्या कीटकांची किळस सर्वांत जास्त येते, आणि त्यांच्या अभावी काय होते याचा अनुभव एका संपूर्ण खंडाने घेतला आहे. ऑस्ट्रेलियात १७८८ मध्ये युरोपीयांबरोबर गुरे आली. तिथले मूळ शेणभुंगे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते आणि गाईच्या ओल्या पोवट्याला ते हात लावीनात. शेण कुरणांवर तसेच वाळत राहिले, त्याखालचे गवत मेले आणि त्यात माशांचे अमाप पीक आले. जॉर्ज बोर्नेमिसा या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९६० च्या दशकापासून आफ्रिका आणि युरोपातून शेणभुंग्यांच्या जाती आणून सोडल्यावर परिस्थिती सुधारत गेली. आपल्याकडे गुरांबरोबर शेणभुंगेही पूर्वापार आहेत. काही जाती शेणाची गोळी करून ढकलत नेतात, काही पोवट्याखालीच बीळ खणून शेण जमिनीत उतरवतात. त्यामुळे खताचा अंश हवेत उडून न जाता मुळांपाशी पोचतो, जमीन भुसभुशीत होते आणि माशांना अंडी घालायला ओले शेण शिल्लक राहत नाही. गुरांना जंतांसाठी दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनचा अंश शेणात उतरतो आणि त्याने शेणभुंग्यांच्या अळ्या मरतात, ही गोष्ट पशुपालकांपर्यंत अजून पुरेशी पोचलेली नाही असे मला वाटते.

उदईबद्दल बोलताना घराची चौकट आणि पुस्तकांचे कपाट आधी आठवते, आणि त्या नुकसानीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण जगात उदईच्या सुमारे तीन हजार जाती आहेत आणि त्यांतल्या थोड्याच घरात शिरतात. बाकीच्या जंगलातले पडलेले लाकूड, काडीकचरा आणि वाळलेले गवत मातीत परतवतात. लाकडातला सेल्युलोज पचवणे फार थोड्या प्राण्यांना जमते, उदईला ते पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या किंवा वारुळात वाढवलेल्या बुरशीच्या मदतीने जमते. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे पावसाळ्यात ज्या सात्या आवडीने खाल्ल्या जातात त्या याच बुरशीच्या छत्र्या. ताडोबातले अस्वल वारूळ फोडून उदई ओढून घेते, आणि ती ओढता यावी म्हणून त्याला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. ऑस्ट्रेलियाच्या कोरडवाहू भागात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुंग्या आणि उदई असलेल्या शेतात गव्हाचे उत्पन्न, त्यांना औषधाने हटवलेल्या शेतापेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त आले. त्यांच्या भुयारांतून पावसाचे पाणी खोल मुरले हे त्याचे एक मुख्य कारण होते. आपल्याकडची माती वेगळी आहे, तेव्हा तोच आकडा इथे लावता येणार नाही, पण पाणी मुरवण्याचे काम इथेही तसेच चालते.

घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करणाऱ्यांना डब्यात अचानक जाड, करड्या अळ्या वळवळताना दिसतात आणि अनेक जण घाबरून डबाच फेकून देतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या कचरा झपाट्याने संपवतात, आणि त्यांची मोठी माशी घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही. मेलेल्या मांसावरच्या अळ्यांबद्दलही हेच म्हणता येईल. काही माशांच्या निर्जंतुक अळ्या चिघळलेल्या जखमेत सोडल्या तर त्या फक्त सडलेला भाग खातात, आणि या उपचाराला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मान्यता दिलेली आहे.

उरले मच्छर, आणि इथे सहानुभूतीला मर्यादा आहे. जगातल्या साडेतीन हजारांच्या आसपास जातींपैकी बहुतेक माणसाच्या वाटेला जात नाहीत, रक्त फक्त मादी पिते, नर फुलांच्या रसावर जगतात, आणि त्यांच्या अळ्या पाण्यातल्या चतुरांच्या पिलांचे व माशांचे अन्न असतात. हे सर्व खरे असले, तरी डेंगी पसरवणारा एडिस फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या तलावात न वाढता आपल्या दारातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, तिथे त्याला खाणारे कोणी नसते, आणि तिथून तो नाहीसा झाल्याने निसर्गाचे काही अडत नाही. त्याला घालवायचेच आहे. पण धुरळणीने उडते मच्छर मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि धुराच्या वाटेत आलेले इतर कीटकही मरतात, म्हणून साथीच्या वेळी तातडीचा उपाय म्हणून तिचा जो उपयोग आहे त्यापेक्षा जास्त अपेक्षा तिच्याकडून करू नये. विहिरीत आणि कायम भरलेल्या हौदात गप्पी मासे सोडणे, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करणे हे अधिक नेमके उपाय आहेत. नागपुरात यात कूलरची भर घालावी लागते. उन्हाळाभर चाललेला कूलर पहिल्या पावसानंतर बंद होतो आणि तळाशी बोटभर पाणी तसेच राहते. ते नुसते ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते, ती कोरडी राहूनही काही महिने जिवंत राहतात आणि पाणी भरताच फुटतात. त्यामुळे टाकी रिकामी केल्यावर आतल्या भिंती काथ्याने किंवा ब्रशने घासून काढाव्या लागतात, आणि हे काम कूलर माळ्यावर ठेवण्यापूर्वी एकदा व पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरण्यापूर्वी पुन्हा एकदा करावे लागते.